परळची हवा

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

हवामानबदल म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे ध्रुवावरचा वितळणारा बर्फ येतो, नाही तर समुद्रात बुडत चाललेली लहान लहान बेटे येतात. ते सगळे खरे आहे, पण दूरचे आहे, आणि दूरच्या गोष्टीची काळजी माणूस दुरूनच करतो. म्हणून आज मी जवळचे उदाहरण घेऊन बोलणार आहे. दादर सोडून दक्षिणेकडे निघालात की परळ लागते. केईएम, वाडिया, टाटा ही रुग्णालये तिथे आहेत, हाफकिन संस्था तिथे आहे. महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यातून माणसे दुखणे घेऊन परळला येतात. मी आयुष्यभर या भागातल्या मुलांना इतिहास शिकवला. शिकवता शिकवता एक गोष्ट लक्षात आली. हवा, पाणी आणि आजार यांचा हिशेब या शहराने परळमध्ये बसूनच मांडायला सुरुवात केली, आणि तो हिशेब अजून पुरा झालेला नाही.

हवा खायला आलेले गव्हर्नर

मुंबई सात बेटांची होती हे आपण शाळेत शिकतो. परळ हे त्यांतले एक. आज जिथे हाफकिन संस्था आहे ती वास्तू मूळची पोर्तुगीज काळातली, ख्रिस्ती धर्मगुरूंची. अठराव्या शतकात ती ईस्ट इंडिया कंपनीच्या ताब्यात आली. किल्ल्यातली हवा कोंदट, परळची हवा मोकळी, म्हणून गव्हर्नर तिथे राहायला जाऊ लागले. तिथे मुक्काम करणारे पहिले गव्हर्नर म्हणून विल्यम हॉर्नबी यांचे नाव घेतले जाते. याच हॉर्नबींच्या काळात वरळी आणि महालक्ष्मी यांच्यामधून आत शिरणारे भरतीचे पाणी बांध घालून अडवले गेले. त्यालाच पुढे हॉर्नबी व्हेलार्ड म्हणू लागले.

बांध झाला, समुद्र बाहेर राहिला. पण आतली जमीन होती तशीच सखल राहिली. परळ, वरळी आणि भायखळा यांच्यामधला हा खोलगट भाग पावसाळ्यात तळ्यासारखा भरे. पुढे त्यात भर घालण्यात आली, आणि ती बऱ्याच अंशी शहराच्या कचऱ्याचीच होती. त्या भरीवर आणि तिच्या आजूबाजूला रस्ते आले, रेल्वेचे कारखाने आले, कापडगिरण्या आल्या, गिरण्यांच्या मागे चाळी आल्या. ज्या मोकळ्या हवेसाठी साहेब परळला आले होते, ती हवा शंभर वर्षांत चिमण्यांच्या धुराने भरून गेली. १८८०च्या दशकाच्या प्रारंभी गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांच्या पत्नी कॉलऱ्याने वारल्या. त्यानंतर गव्हर्नरांनी परळ सोडले आणि मलबार पॉइंट जवळ केले. ज्याला जागा बदलता आली त्याने ती बदलली. ज्याला बदलता आली नाही तो तिथेच राहिला. पुढचा सगळा इतिहास या राहिलेल्या माणसांचा आहे.

प्लेगचा हंगाम

सप्टेंबर १८९६मध्ये मांडवी भागात डॉ. अकाशिओ व्हिएगस यांनी प्लेगचे रोगी ओळखले. पुढच्या काही महिन्यांत लाखो माणसे मुंबई सोडून गावी पळाली. वाल्डेमार हाफकिन यांनी प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती आधी स्वतःला टोचून घेतली. त्यांच्या प्रयोगशाळेला जागा अपुरी पडू लागली तेव्हा १८९९ साली सरकारने परळचा तोच रिकामा राजवाडा त्यांना दिला. जिथे नृत्याचे समारंभ होत तिथे लशीच्या बाटल्या भरल्या जाऊ लागल्या.

पण मला आज लशीबद्दल सांगायचे नाही. त्या काळी प्लेग कशाने होतो याबद्दल सरकारी डॉक्टरांची समजूत अशी होती की तो घाणीतून, कोंदट हवेतून, ओलीतून येतो. म्हणून घरांची कौले काढली गेली, सामान जाळले गेले, गटारांत औषधी पाण्याचे लोट सोडले गेले. त्यामुळे गटारांतले उंदीर बाहेर पडले आणि शेजारच्या आळीत गेले. त्यांच्याबरोबर रोगही गेला.

१८९८ साली पॉल लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरांनी कराचीत प्रयोग करून सांगितले की उंदराच्या अंगावरची पिसू हा रोग पसरवते. त्यांचे फारसे कोणी ऐकले नाही. मुंबईत डॉ. ग्लेन लिस्टन यांनी उंदीर मेलेल्या घरात गिनीपिग मोकळे सोडून पाहिले, तर त्यांच्या अंगावर उंदरांच्या पिसवा चढलेल्या आढळल्या. १९०५पासून परळच्या प्रयोगशाळेत प्लेग संशोधन आयोगाचे काम सुरू झाले. आयोगाने आवारात छोट्या खोल्या बांधल्या. त्यांत काही प्राणी जमिनीवर ठेवले, काही पिसूची उडी पोचणार नाही इतक्या उंचीवर टांगले, काही पिंजऱ्यांभोवती चिकट कागद पसरला. ज्यांच्यापर्यंत पिसू पोचली ते आजारी पडले. बाकीचे त्याच हवेत राहून वाचले. कोंदट हवेचा सिद्धान्त त्या छोट्या खोल्यांत संपला.

हवा अशी निर्दोष सुटली, पण पुरती नाही. आयोगाने प्लेगच्या मृत्यूंचे आठवड्याचे आकडे आणि तापमान-आर्द्रतेच्या नोंदी शेजारी शेजारी मांडल्या. मुंबईत प्लेग थंडीत वाढायचा, उन्हाळ्याच्या तोंडाशी कळस गाठायचा आणि मग उतरायचा. पंजाबात तो मार्च-एप्रिलमध्ये थैमान घालायचा आणि कडक उन्हाळा सुरू झाला की झपाट्याने ओसरायचा. सरासरी तापमान तीस अंश सेल्सिअसच्या आसपास गेले की साथ मावळू लागते, असे ध्यानात आले. पुढे १९१४मध्ये बॅकट आणि मार्टिन यांनी दाखवले की प्लेगच्या जंतूंमुळे पिसूचे अन्ननलिकेचे तोंड बंद होते, ती उपाशी राहून पुनःपुन्हा चावते, आणि तिचे जगणे-मरणे हवेच्या उष्णतेवर आणि कोरडेपणावर अवलंबून असते. म्हणजे हवा माणसाला रोग देत नव्हती, पण रोग देणाऱ्या पिसूला किती दिवस जगवायचे ते हवाच ठरवत होती.

आज हवामान आणि आरोग्य यावर जगभर जे संशोधन चालते त्याचा गाभा हाच आहे, आणि त्यातला एक पहिला मोठा धडा परळच्या त्या वाड्यात लिहिला गेला. तो लिहिता आला, कारण दोन वह्या आधीपासून तयार होत्या. कुलाब्याची वेधशाळा १८२६ सालापासून होती आणि शहरातल्या मृत्यूंची नोंद एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून ठेवली जात होती. या दोन वह्या शेजारी ठेवल्या म्हणून कोडे सुटले.

विहिरी आणि डास

प्लेगनंतर मलेरिया. १९११ साली डॉ. चार्ल्स बेंटली यांनी मुंबईतल्या मलेरियाचा अहवाल सादर केला. लोकांना वाटत होते की डास गटारात होतात. बेंटलींनी दाखवले की मलेरियाचा डास, अॅनॉफिलिस स्टिफेन्सी, स्वच्छ पाण्यात वाढतो. घरातल्या विहिरीत, टाक्यांत, हौदांत. विहिरी बुजवा किंवा झाका, असे पालिका सांगू लागली तेव्हा मोठा वाद झाला. कित्येक कुटुंबांना विहिरीचे पाणी धर्मकार्यासाठी लागे. तरीही विहिरी झाकल्या गेल्या. पाण्याच्या टाकीला घट्ट झाकण हवे हा मुंबईतला नियम त्या काळातून आला आहे. गच्चीवरच्या टाकीचे झाकण उघडे राहिले म्हणून सोसायटीला नोटीस येते तेव्हा आपण वैतागतो, पण त्या नोटिशीला शंभर वर्षांचा इतिहास आहे.

डासाचे गणितही तापमानाशी बांधलेले आहे. मलेरियाचा परजीवी डासाच्या पोटात वाढायला काही दिवस लागतात. हवा फार थंड असेल तर तो वाढतच नाही. हवा उबदार झाली की हे दिवस कमी होतात, आणि डास मरण्यापूर्वी जास्त जणांना रोग देऊ शकतो. डेंग्यूचेही तसेच. २०२५ साली पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतल्या सोफिया याकूब आणि रॉक्सी कोल यांनी पुण्यातल्या डेंग्यूचा अभ्यास प्रसिद्ध केला. तापमान २७ अंशांच्या वर, पाऊस मध्यम पण वाटून पडलेला, आर्द्रता ६० ते ७८ टक्के, असा योग जुळला की डेंग्यू वाढतो. आठवड्यात १५० मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस कोसळला तर उलट अळ्या वाहून जातात. तापमान असेच चढत राहिले तर २०४०पर्यंत पुण्यातले डेंग्यूचे मृत्यू १३ टक्क्यांनी वाढू शकतात, असा त्यांचा अंदाज आहे. एक लक्षात घ्या. ही पद्धत आयोगाचीच आहे, फक्त पिसूच्या जागी डास आहे.

साचेखात्यातला उकाडा

आता तिसरी गोष्ट, जी परळच्या माणसाने अंगावर काढली. माझे वडील गिरणीत साचेखात्यात होते. साचेखाते म्हणजे जिथे माग चालतात ते. कोरड्या हवेत सूत तुटते, म्हणून तिथे हवा मुद्दाम दमट ठेवली जाई. फवाऱ्यांतून पाण्याचे बारीक तुषार सोडले जात. बाहेर मे महिना, वर पत्रे, आत यंत्रांची ऊब आणि हे तुषार. वडील बनियन आणि अर्ध्या चड्डीत आठ तास उभे राहत. पाळी सुटल्यावर घरी आले की आधी तांब्याभर पाणी पीत आणि बराच वेळ काही बोलत नसत. आम्हां मुलांना तेव्हा वाटे, त्यांचा स्वभावच अबोल.

सुताला मानवणारी हवा माणसाला मानवत नाही, हा वाद लँकेशायरमध्येही झाला आणि १८८९ साली तिकडे त्यासाठी कायदा झाला. १९०५ साली जॉन स्कॉट हॉल्डेन या शास्त्रज्ञाने खाणींत आणि तापवलेल्या खोल्यांत प्रयोग करून सांगितले, की नुसते तापमान पाहून उपयोग नाही. तापमापकाच्या टोकाला ओले फडके गुंडाळून जे तापमान दिसते ते पाहा. घाम वाळतो तेव्हा अंग थंड होते. हवेत आधीच ओल असेल तर घाम निथळतो पण वाळत नाही, आणि शरीर आतून तापत जाते. स्थिर हवेत हे ओले तापमान सुमारे ३१ अंशांच्या पुढे गेले की नुसत्या बसलेल्या माणसाचाही ताप चढू लागतो, असे त्यांना आढळले. आपल्याकडे सरकारने नेमलेल्या टी. मॅलोनी यांचा गिरण्यांतल्या दमट हवेबद्दलचा अहवाल १९२३ साली आला आणि तपासणीचे नियमही झाले. साचेखात्यातला उकाडा मात्र कामगारांच्या तक्रारींतून गेला नाही.

मधल्या काळात या शास्त्राची थोडी विस्मृती झाली. २०१०मध्ये अभ्यासकांनी गणिताने सांगितले की ओले तापमान ३५ अंश झाले तर निरोगी माणूसही काही तासांत दगावेल. २०२२ साली अमेरिकेत तरुण, धडधाकट माणसांवर प्रत्यक्ष चाचण्या झाल्या, तेव्हा दमट हवेतली मर्यादा ३१ अंशांच्या आसपासच निघाली. शंभरहून अधिक वर्षांनी आकडा जवळपास तोच.

मराठीत यासाठी शब्द वेगळे आहेत, ही मला फार शहाणपणाची गोष्ट वाटते. विदर्भातला माणूस 'ऊन' म्हणतो, मुंबईतला 'उकाडा' म्हणतो. नागपूरचे ४५ अंश पाहून आपण मुंबईच्या ३७-३८ अंशांना हसतो. पण १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरला महाराष्ट्र भूषण पुरस्काराच्या सोहळ्यात लाखो माणसे उघड्या मैदानावर बसली होती. तापमान चाळिशीच्या आतच होते. त्या दिवशीच्या उष्माघाताने १४ जणांचा बळी गेला, हा सरकारी आकडा आहे. समुद्रकाठच्या हवेत किती अंशांना धोका सुरू होतो, हे साचेखात्यात उभ्या राहिलेल्या कोणीही सांगितले असते.

पाणी जुन्या वाटेने येते

चौथी गोष्ट पाण्याची. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. पाणी ओसरल्यावर आठवड्या-दोन आठवड्यांत रुग्णालयांत तापाचे रोगी वाढू लागले. डोळे पिवळे, पोटऱ्या दुखणाऱ्या, काहींच्या फुप्फुसांत रक्तस्राव. हा लेप्टोस्पायरोसिस. उंदरांच्या मूत्रातून हे जंतू पाण्यात येतात आणि पायाच्या बारीकशा जखमेतून माणसाच्या अंगात शिरतात. म्हणजे शंभर वर्षांनी उंदीर पुन्हा आला, या वेळी पिसूऐवजी पुराचे पाणी घेऊन. तेव्हापासून पुरात चाललेल्या माणसांना डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या देण्याची पद्धत पडली.

२९ ऑगस्ट २०१७ रोजी पुन्हा पाणी तुंबले. केईएमच्या तळमजल्यावरच्या वॉर्डात ते शिरले आणि बालरुग्णांना वर हलवावे लागले. त्याच संध्याकाळी पोटविकारतज्ज्ञ डॉ. दीपक अमरापूरकर एल्फिन्स्टन रोडजवळ तुंबलेल्या पाण्यातून घरी चालत निघाले होते. उघड्या मॅनहोलमध्ये ते पडले. दोन दिवसांनी त्यांचा मृतदेह वरळीला सापडला. त्या बातमीने सगळी मुंबई हळहळली. मी जुना नकाशा काढून पाहिला. परळच्या सखल भागातले पाणी वरळीकडे जाते, ही बांध पडण्यापूर्वीचीच वाट आहे.

एका दिवसाचा पाऊस हवामानबदलामुळेच पडला, असे म्हणता येत नाही. पण हवा एक अंशाने तापली की ती सुमारे सात टक्के अधिक बाष्प धरते, हे पदार्थविज्ञान आहे. १९५० ते २०१५ या काळात मध्य भारताच्या पट्ट्यात दूरवर पसरणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या, हे नोंदींवरून दिसले आहे. २०२४ हे वर्ष औद्योगिक युगापूर्वीच्या तुलनेत दीड अंशाहून अधिक गरम गेले. २०२५ साली मुंबईत मोसमी पाऊस २६ मे रोजीच दाखल झाला. इतक्या लवकर तो आल्याची आधी नोंद नाही. मुंबईची जुनी गटारे मात्र तासाला २५ मिलिमीटर पावसाच्या हिशेबाने बांधलेली होती. १९९३च्या अहवालाने ही क्षमता दुप्पट करायला सांगितले. हिंदमाताचे पाणी साठवण्यासाठी अलीकडे भूमिगत टाक्या बांधल्या गेल्या, त्यांनी काही फरक पडला आहे. तरी शहरातली सर्वांत मोठी रुग्णालये सखल जागेच्या काठावर आहेत, हे वास्तव टाक्यांनी बदलत नाही.

दोन वह्या

मग करायचे काय? इतिहासाचा शिक्षक औषध सांगू शकत नाही. पण जे आधी उपयोगी पडले ते सांगू शकतो.

पहिली गोष्ट म्हणजे त्या दोन वह्या. २०१० साली मे महिन्यात अहमदाबादेत उष्णतेची लाट आली. अभ्यासकांनी नंतर मृत्यूंचे आकडे नेहमीच्या मे महिन्यांशी ताडून पाहिले, तेव्हा त्या महिन्यात १,३४४ मृत्यू जास्त झाल्याचे आढळले. यांतल्या बहुतेकांच्या दाखल्यावर उष्माघात लिहिलेला नव्हता. कुणाचे हृदय बंद पडले, कुणाचे मूत्रपिंड. कारण म्हणून उकाडा कुणी लिहीतच नाही. ते आकडे पुढे आले म्हणून २०१३ साली अहमदाबादने उष्मा कृती आराखडा केला. दवाखाने सज्ज झाले, पाणपोया वाढल्या, कामाच्या वेळांचा विचार झाला. मुंबईनेही मार्च २०२२मध्ये हवामान कृती आराखडा जाहीर केला. तो चांगला आहे. पण त्याचे खरे काम वॉर्डावॉर्डात आहे. पावसाची आणि उकाड्याची नोंद एकीकडे आणि रुग्णालयातला केसपेपर दुसरीकडे राहिला, तर परळच्या प्रयोगशाळेने जे शिकवले ते आपण वाया घालवू.

दुसरी गोष्ट अधिक अवघड आहे. गव्हर्नरांनी जागा बदलली, तशी आजही ज्याला शक्य आहे तो बदलतो. गिरणीच्या जागेवर उभ्या राहिलेल्या मनोऱ्यात तिसाव्या मजल्यावर पाणी येत नाही, डास कमी येतात, उकाड्याला यंत्र आहे. त्याच मनोऱ्याचा पहारेकरी गणवेश घालून फाटकापाशी उन्हात उभा असतो. टाटा रुग्णालयाबाहेरच्या फुटपाथवर गावाकडून आलेले रोगी आणि त्यांचे नातेवाईक मुक्काम करतात. मे महिन्याचा उकाडा आणि जूनचा पाऊस ते दोन्ही अंगावर घेतात. तिथे आधीच क्षीण झालेल्या शरीराला एक डास, एक घोट खराब पाणी पुरते. प्लेगच्या वेळी पिसू ज्या खोलीपर्यंत पोचली तिथलाच जीव गेला. आजही तापलेल्या हवेचा घाव सगळ्यांवर सारखा बसत नाही. कुणाच्या डोक्यावर छप्पर आहे, कुणाला दुपारी काम थांबवता येते, कुणाच्या पायात बूट आहेत, यावर ते ठरते.

आणि हे सगळे आपल्या हातातले आहे. आकाशातला धूर कमी करायला सगळ्या जगाची सहमती लागेल, तिला वेळ लागतो आहे. पण रोग्याच्या नातेवाइकांसाठी निवारा बांधायला, पहारेकऱ्याला सावली द्यायला, बांधकामावरच्या मजुराला दुपारी बारा ते चार सुट्टी द्यायला, पुरात चालून आलेल्या माणसाला बहात्तर तासांच्या आत गोळी मिळावी एवढी व्यवस्था करायला कुठल्या जागतिक परिषदेची गरज नाही. ते वॉर्ड ऑफिसात आणि आपल्या सोसायटीच्या सभेत ठरू शकते. पुढच्या सभेत टाकीच्या झाकणाचा विषय निघाला की त्याच्याबरोबर फाटकावरच्या माणसाच्या छताचाही विषय काढा. मी आमच्या सभेत तो काढणार आहे.